पाच लांब देठांची वाघाटी

मी चांगली पोर नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याने पुढे उगाच माझ्याबद्दल हळहळू नये. आईविना पोर म्हटलं की लोकांचा जीव कळवळतो. गावातल्या बायका मला जवळ घेऊन कुरवाळायच्या, हातावर गुळाचा खडा ठेवायच्या, आणि मी तोंड बारीक करून तो गूळ खायचे. तोंड बारीक करण्यात माझा हातखंडा होता.

आमचं गाव चिखलीपासून दोन कोसांवर. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, मोठं सरकार नागपूरला आणि जिल्ह्याचा साहेब बुलढाण्याला, एवढंच आम्हाला ठाऊक. घरात आम्ही तिघं: आबा म्हणजे माझे आजोबा, बाबा आणि मी. मी आठ वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्यानंतर दीड वर्षाने, माघात, बाबांनी पाट लावून दुसरी बायको घरात आणली. तिचाही पहिला नवरा वारलेला, पोरबाळ काही नव्हतं. तिचं माहेर पार तिकडे, जळगाव जामोदच्याही पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला. गाव तिला ‘नवी’ म्हणायचं. मी तिला कशानेच हाक मारत नसे. काही हवं असलं तर तिच्यासमोर जाऊन नुसती उभी राहायचे.

आबांना ही सोयरीक पसंत नव्हती. डोंगराकडची माणसं, त्यांच्या चालीरीती निराळ्या, खाणं निराळं, असं त्यांचं म्हणणं. पाट लागला त्याच दिवशी ओसरीवर भावकी बसलेली असताना ते बाबांना म्हणाले, “दिवाळीपर्यंत पाहतो मी. जमलं तं जमलं, नाही तं तिच्या भावाच्या दारी नेऊन सोडजो.” ती आत चुलीपाशी बसली होती. तिने ऐकलं, मीही ऐकलं. बाबांना आबांसमोर बोलताना मी कधी पाहिलंच नाही.

म्हणजे तिच्या हातात दिवाळीपर्यंतचे दिवस होते, आणि ती ते जपून वापरत होती. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. आबांच्या ताटात भाकरी पडली की दाराआडून त्यांच्या तोंडाकडे पाहायची. येताना तिच्याजवळ दोनच लुगडी होती, दोन्ही विरलेली. बाबांनी पेटीतलं माझ्या आईचं अंजिरी लुगडं तिला काढून दिलं. तिने ते सणावारालाच नेसायचं म्हणून घडी करून ठेवलं, पण मला तेवढंही सोसलं नाही. आठ दिवस मी तिच्या हातचं पाणी प्यायले नाही. विहिरीवर जाऊन कुणाच्याही बादलीतलं पीत होते, आणि बायका डोळे पुसत होत्या.

आता वाघाटीचं सांगते. आमच्या शेताच्या खालच्या अंगाला नाला आहे, त्याच्या काठाने तिची दाट जाळी होती. अंगभर काटेरी झुडूप, जवळ झाड दिसलं की त्याच्यावर चढून बसणारं. काटे जोडीजोडीने, मागे वळलेले, वाघाच्या नखांसारखे. चैत्राच्या आगेमागे पांढरी फुलं येतात, ती उतरताना लाल होतात. पावसाळा लागला की लिंबाएवढी हिरवी फळं धरतात, लांब जाड देठाला लोंबणारी. आमच्याकडे ही वर्षातून एकाच दिवसाची भाजी. आषाढी एकादशीचा उपवास बारशीला सोडायचा तो वाघाट्याच्या पहिल्या घासानं. एरवी त्या जाळीकडे शेळ्यांखेरीज कुणी फिरकत नसे.

नवीने पहिल्याच चैत्रात ती जाळी शोधून काढली. भाजीपाल्याचे दिवस संपलेले, घरात डाळीशिवाय काही नाही. एक दिवस ती पदरात वाघाटीचे कोवळे शेंडे घेऊन आली, तांबूस, लव असलेले. शेजारच्या बायका पदराआड हसल्या. शेळ्यांचा चारा शिजवणार आता ही, असं म्हणाल्या. तिने तो पाला उकडून, पिळून, तुरीच्या डाळीत घोटला आणि वरून लसणाची फोडणी दिली. आबांनी आधी ताटाकडे संशयाने पाहिलं. मग खाल्लं. मग परत मागितलं. आणि हात धुताना म्हणाले, “अशी भाजी या घरात झाली नव्हती बाप्पा.”

ती दाराआड होती. तिचा चेहरा असा उजळला की मला तिथे उभं राहवेना. झाली नव्हती म्हणजे काय? माझी आई या घरात दहा वर्षं चुलीपुढे बसली. तिने काय माती शिजवली होती? आबा साध्या भुकेने बोलले असतील, पण मी ते वाक्य धरून ठेवलं. रोज रात्री अंथरुणावर पडलं की ते स्वतःला पुन्हा ऐकवायचे. इतकी आकसखोर होते मी, दहा वर्षांची.

एकादशीच्या आधी चार दिवस तिने मला फळं पाहायला सोबत नेलं. मी नको म्हणाले नाही, कारण न जाण्यापेक्षा तिच्यामागे फुरंगटून चालण्यात मला जास्त मजा वाटे. जाळीत माझं परकर-पोलकं अडकलं. मी हिसका दिला तसा काटा दंडात रुतला. मी आणखी ओढायला लागले. ती म्हणाली, “मांगं वढू नको, माय. तिच्याकडंच सरक थोडी, मंग सोडते ती.” आणि तिने मला जाळीच्या बाजूलाच हलकं ढकललं. काटा खरंच सुटला. दंडाला तिने त्याच वाघाटीचं पान चुरून लावलं. तिची पाठ फिरताच मी ते पुसून टाकलं.

आबा एकादशीच्या आदल्या दिवशी चिखलीच्या बाजाराला जाऊन आले. दुसऱ्या दिवशी नुसत्या पाण्यावर राहिले. साठी उलटली तरी त्यांचा हा उपवास कधी चुकला नव्हता.

बारशीच्या सकाळी नवी अंजिरी लुगडं नेसली. तिने वीसेक फळं मिठाच्या पाण्यात उकडून काढली, वांग्यांसारख्या चार चिरा दिल्या, देठ तसेच ठेवले, आणि परात माझ्यापुढे सरकवली. शेजारी तीळ-शेंगदाण्याचं कूट ठेवलं. “तुह्ये बोटं बारके हायेत,” ती म्हणाली. “साऱ्या बिया काढ अन् मंग कूट भर. एकबी राहू देऊ नको. बी लय कडू असते, अन् बुढा मानूस कालचा उपाशी हाय.” एवढं सांगून ती भाकरी थापायला बसली.

नैवेद्याची भाजी चाखायची नसते, हे आमच्या घरी मला चालता येण्याआधी शिकवलं होतं. देवाच्या आधी कुणाची जीभ लागायची नाही. चाखणार नाही म्हटल्यावर कळणारही नाही. दुसरी रीत आमच्या घरचीच होती. बारशीचा पहिला घास वाघाट्याचा, तो कसाही लागो, तोंड वाकडं करायचं नाही, थुंकायचं नाही, पानात वाढलेलं सगळं संपवायचं. आणि ते पहिलं वाढणं कुमारिकेच्या हातचं. घरात कुमारिका मी एकटीच होते.

मी पाच फळं बाजूला काढली. ज्यांचे देठ सगळ्यांत लांब होते ती पाच. त्यांच्यातल्या बियांना हात लावला नाही. वरवर थोडा गर उकरून त्यावर कूट दाबून भरलं आणि चिरा मिटवल्या. बाकीची फळं मात्र अगदी लख्ख साफ केली. मला आबांना काही करायचं नव्हतं. मला एवढंच हवं होतं की आबांनी नवीवर डाफरावं, आणि म्हणावं की हिच्यापेक्षा पहिलीची भाजी बरी होती. बस, एवढंच. हे मी स्वतःला आजवर हजारदा सांगितलं आहे.

भाजी शिजली, नैवेद्य झाला. आबा पाटावर बसले. मी लांब देठांची तीन फळं त्यांच्या पानात वाढली. त्यांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा जबडा थांबला. मी श्वास धरून उभी होते. मग जबडा पुन्हा हलायला लागला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या, पण तोंड वाकडं झालं नाही. तिन्ही फळं त्यांनी बियांसकट चावून गिळली, त्यावर तांब्याभर पाणी प्यायले. मग एवढंच म्हणाले, “यंदा कडू झाली भाजी.” आवाजात राग नव्हता, थकवा होता. माझा सगळा बेत फुकट गेला म्हणून मी चरफडले.

बाबांना मी साफ केलेली फळं वाढली. त्यांना काही कडू लागलं नाही. उरलेली दोन लांब देठांची फळं भांड्याच्या तळाशी राहिली, आणि तळाचं तिच्या वाट्याला. सगळ्यांचं झाल्यावर ती चुलीपाशी बसून जेवायला लागली. पहिलं फळ तिने खाल्लं आणि चावता चावता थांबून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या डोळ्यांत डोळे घालून उभी राहिले. तिने नजर काढून घेतली आणि ते फळ संपवलं. दुसरं बोटांनी उकललं, त्यातल्या बिया काढून मुठीत घेतल्या आणि गर खाल्ला. मला वाटलं, ही आता त्या मूठभर बिया बाबांना दाखवणार. पण ती ताट घेऊन मागच्या दारी गेली, आणि आली तेव्हा तिची मूठ रिकामी होती.

उन्हं कलायच्या आत आबांना पहिली उलटी झाली. मग थांबेचना. उलट्या आणि जुलाब, आणि थोड्या वेळाने नुसतं पाणी, तांदळाच्या धुवणासारखं. पायात गोळे यायला लागले, आवाज बसला. बाबा वैद्याला आणायला धावले. भावकीतली माणसं दारात गोळा झाली, पण आत कुणी येईना. आबांचं सगळं तिनेच केलं. उचलून बसवलं, पुसलं, ओंजळीने पाणी पाजलं. आपली जुनी दोन्ही लुगडी फाडून त्यांच्या खाली घातली आणि अंगावरच्या अंजिरी लुगड्यानिशी राबत राहिली. आबा तिला एकदा म्हणाले, “तू बस जराशीक.” ती म्हणाली, “बसतो ना मामाजी, तुमाले बरं वाटलं की बसतो.” दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत आबा गेले.

मी गोठ्यात गव्हाणीमागे बसून होते. मला माहीत होतं की मी त्यांना मारलं आहे. दहा वर्षांच्या पोरीला असं माहीत असणं म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. एवढं आठवतं की मला भूकही लागत होती.

राख सावडून आल्यावर भावकी ओसरीवर बसली. वाघाट्याचं बी जहरी असतं, असं कुणीतरी म्हणालं. बाबांनाही आठवलं की आबा भाजी कडू झाली म्हणाले होते. डोंगराकडची बाई, शेळ्यांचा पाला खाऊ घालणारी, तिला काय कळणार बियांचं, असं बोलणं वाढत गेलं. शेवटी बाबांनी तिला बोलावलं. मी दाराच्या आत होते.

“बिया काढल्या होत्या का नाही?” बाबांनी विचारलं.

ती खाली पाहत उभी होती. तिने आत, माझ्याकडे, एकदाही पाहिलं नाही. “म्याच काढल्या,” ती म्हणाली. “भाकरीची घाई व्हती. राह्यल्या असतीन काही.”

मला तोंड उघडायला किती वेळ होता? ती बोलली आणि भावकीतला पहिला माणूस बोलला, यामध्ये आमच्या ओसरीवर एक कोंबडी चालत आली, दाणे टिपून गेली. एवढा वेळ होता. मी गप्प राहिले.

दिवाळीपर्यंतची वाट कुणी पाहिली नाही. दुसऱ्याच सकाळी गाडी जुंपली. तिला पोचवायला माझा चुलता निघाला, बाबा गेले नाहीत. तिच्याजवळ न्यायला काही नव्हतंच. जुनी लुगडी आबांच्या सोबत जळली होती, म्हणून आईचं अंजिरी लुगडं तिच्या अंगावर तसंच राहिलं. गाडीत बसण्याआधी ती माझ्यापाशी आली. मला वाटलं, आता ही मला बोलणार. बोलावं असं वाटतही होतं. तिने माझी वेणी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, “तुह्या केसात उवा झाल्या. कोनाकडून तरी काढून घेजो.” आणि गेली.

पाचव्या दिवशी विहिरीजवळच्या एका घरात दोन माणसांना उलट्या सुरू झाल्या. त्यांनी वाघाटी खाल्लेली नव्हती. मग वरच्या आळीत, मग सगळीकडेच. चिखलीतही माणसं मरत असल्याचं कळलं. पटकी होती ती, म्हणजे कॉलरा. पाटलाने वर कळवलं, सरकारी दवाखान्याचा माणूस आला आणि त्याने विहिरीत लाल दवा टाकली. गुलाबी पाणी पाहायला आम्ही पोरं काठावर वाकलो होतो. तो माणूस आबांचं सगळं ऐकून बाबांना म्हणाला, “तुमचे वडील पहिले गेले गावातले. बाजारातून घेऊन आले असतील.”

मला तेव्हा काय वाटलं ते लपवत नाही. मी सुटले, असं वाटलं. मी नाही मारलं, मी नाही मारलं, असं मनात म्हणत मी घरापर्यंत पळत आले. माझ्यासाठी तो आनंदाचा दिवस होता. संध्याकाळी बाबा म्हणाले की साथ ओसरली की तिला घेऊन येतो, आणि माझ्या लक्षात आलं की मलाही ती यायला हवी आहे. ती आली की हाक काय मारायची, तेसुद्धा मी ठरवून टाकलं.

हळूहळू दुसरंही लक्षात आलं. बियांचं फळ तिनेही खाल्लं होतं, आणि तिला तेव्हा काही झालं नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि मला. ओसरीवर ती एवढं जरी म्हणाली असती, की म्याबी खाल्लं आन् मी उभी हाय, तरी भावकीचं तोंड बंद झालं असतं. पण मग कुणीतरी विचारलंच असतं की बिया कुणी ठेवल्या. ती म्हणाली नाही ते त्यापायी. मी म्हणू शकत होते. मी म्हणाले नाही तेही त्यापायीच.

चुलता परत आला तो तिला पोचवलं एवढंच सांगून स्वतःच्या घरात शिरला. बाबा श्रावण संपता संपता निघणार होते. त्याआधीच तिचा भाऊ आला. पायी आला होता, धुळीने भरलेला. पाणी प्यायला आणि ओसरीवर बसून त्याने सांगितलं. वडनेर भोलजीला गाडी मुक्कामाला थांबली तेव्हाच तिला उलट्या सुरू झाल्या होत्या. घरी पोचली तेव्हा ती चालण्यासारखी राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी गेली. आबांचं पुसता-धुताना तिला लागण झाली असणार, हे बाबांना न सांगता कळलं. ते खांबाला टेकून बसले आणि लहान पोरासारखे रडले. बाबांना रडताना पाहायची ती माझी पहिली वेळ.

भावाने गाठोडं सोडलं. आत ते अंजिरी लुगडं होतं, धुऊन, वाळवून, नीट घडी केलेलं. “पोरीच्या मायचं हाय म्हने,” तो म्हणाला. “तिले नेऊन दे, तिचं हाय, असं सांगून ठेवलं व्हतं तिनं.”

बाबांनी ते माझ्या हातात दिलं. मी ते घेऊन गोठ्यात गेले. पदराच्या टोकाला गाठ होती, धुण्यातही न सुटलेली, घट्ट. दातांनी सोडवावी लागली. आत वाघाट्याच्या बिया होत्या, वाळून काळपट पडलेल्या, तिच्या पानातल्या. उष्ट्यात टाकल्या असत्या तर कुणाच्या तरी नजरेला पडल्या असत्या, म्हणून तिने त्या त्या दिवशी मागच्या दारी पदरात बांधल्या होत्या. आबांचं करताना, ओसरीवर उभी राहिली तेव्हा, गाडीत बसली तेव्हा, त्या तिच्याजवळच होत्या.

मी त्या नाल्यात टाकून आले. लुगडं मी कधी नेसले नाही, आणि कुणाला दिलंही नाही.

बाबा पुढे पुष्कळ वर्षं जगले. तिसरं लग्न त्यांनी केलं नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, मला पोरं झाली, त्यांच्यासमोर बाबा जुन्या गोष्टी सांगत बसायचे. त्या आषाढाची गोष्ट निघाली की म्हणायचे, पटकीनं दोघांनाही नेलं, आबांना आणि तिला. पोरं माझ्याकडे पाहायची आणि मी मान हलवायचे. खोटं काहीच नव्हतं त्यात. दोघंही पटकीनंच गेली. पण आमच्या घरातून तिला बाहेर काढलं ते मी, आणि हे बाबांना सांगायला मला त्यांच्या मरणापर्यंतचा वेळ होता.